सावधान म्हटलं की गूळ

चौसाळा
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

ती. दादांस, सत्यशीलेचा नमस्कार.

सोबत तिळगुळाच्या चार वड्या आहेत. टपालात चुरा झाला असेल तर चुरा खा, पण गोड बोला. बोलायचंच नसेल तर निदान खा. छबुवहिनी सांगत होत्या, फोनवर माझं नाव निघालं की तुम्ही उठून ओसरीवर जाता. मांडीत सळई घातलेल्या माणसानं सारखी ऊठबस करू नये. म्हणून फोनपेक्षा पत्र बरं. ते बसल्या जागी वाचता येतं, फाडायचं असेल तर बसल्या जागी फाडताही येतं.

दोन भाऊबीजा गेल्या. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसं मी दोन्ही वर्षं चंद्राला ओवाळलं. भाऊ धर्मापुरीत असताना चंद्राला ओवाळणारी बाई अख्ख्या चौसाळ्यात मी एकटीच असेन. सरस्वतीबाई शेजारच्या गच्चीवरून बघत होत्या. मी म्हटलं, "दादाला रजा न्हाई मिळाली." तुम्ही कधी नोकरी केली नाहीत हे त्यांना ठाऊक आहे, तरी बिचाऱ्यांनी मान हलवली.

तुमचं वाक्य मला पाठ आहे. "माझी मांडी मोडणाऱ्या घोडीला जी दावणीला बांधील, ती माझी कोण न्हाई." गेल्याच्या आदल्या दसऱ्याला तुम्ही मैनेवरून पडलात, दवाखान्यातूनच बंकटगड्याला सांगितलंत की घोडीला बाजार दाखव, आणि मी मधल्या मध्ये टेम्पो करून तिला इथं आणली. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, मग विचारून काय उपयोग?

पहिलं वर्ष तिनं भिंतीकडे तोंड करून काढलं. हातात काही लांबट दिसलं, मग तो झाडू असो, छत्री असो की शेवग्याची शेंग, ती भिंतीला अशी चिकटायची की अंगाला चुना लागायचा. गेल्या दिवाळीपासून मी तिला शिकवायला घेतलंय. मारून नाही, गुळावर. कुणाकडून शिकले ते विचारू नका. हल्ली यूट्यूबवर सगळं असतं.

आता मुद्द्याचं. येत्या भाऊबीजेला तुम्ही इथं या. अंगणात लिंबाखाली, मैनेच्या शेजारी पाट मांडीन, निरांजन लावीन आणि तुम्हाला ओवाळीन. ती जागची हलणार नाही. हलली तर मी स्वतः तिला बाजाराला नेईन आणि पुन्हा तुमच्यापुढे तिचं नाव काढणार नाही. नऊ महिने हातात आहेत.

तुमची धाकटी बहीण,
सत्या


चौसाळा
९ मार्च २०२५

ती. दादांस नमस्कार.

उत्तर नाही. पण वड्या परत आल्या नाहीत, म्हणजे पोटात गेल्या. एवढ्यावर मी समाधानी आहे.

शिकवणं कसं चाललंय ते सांगते. घोडीनं आपल्याला हवं ते केलं की त्याच क्षणी एक ठरलेला शब्द म्हणायचा आणि शब्दापाठोपाठ गुळाचा खडा द्यायचा, हरभऱ्याएवढा. शब्द म्हणजे वचन. एकदा तोंडातून गेला की गूळ द्यायचाच, चुकून गेला असला तरी. घोडी चुकली तर मारायचं नाही, ओरडायचं नाही. नुसता गूळ नाही. आणि तिला यायचं नसेल तर आपण जायचं नाही, ती येईपर्यंत बसायचं. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं. मी आयुष्यात कुणाची वाट बघितलेली नाही, घंटा वाजवली की पोरं यायची.

शब्द असा निवड जो एरवी तुझ्या तोंडात येत नाही, असं तिनं बजावलं होतं. (ती म्हणजे यूट्यूबवरची बाई.) मी "मोगरा" ठरवला होता. पहिल्या दिवशी कुंपणाच्या अलीकडे स्टूल टाकून बसले. तासाभरानं मैनेनं भिंत सोडली, वळली आणि चारी पायांवर सरळ उभी राहून माझ्याकडे बघू लागली. आणि एकतीस वर्षं शाळेत कवायत घेतलेल्या या तोंडातून काय बाहेर पडलं? "सावधान!" मोगरा राहिला बाजूला. दिला शब्द, द्यावा लागला गूळ. आता तोच शब्द. निवृत्तीनंतर सावधान म्हणायची वेळ कुठं येते, म्हटलं चालेल.

आता ती हाकेला येते. पाय उचलून देते, खूर साफ करू देते. खिशात नाक घालायची सवय लागली होती, ती पण मोडली. तोंड बाजूला वळवलं की सावधान, खिसा हुंगला की काही नाही. चार दिवसांत बाईसाहेब तोंड वळवून उभ्या राहू लागल्या, जणू गूळ कुणाला हवाय.

घरात मात्र गुळावरून भांडण आहे. तुमच्या दाजींना शुगर निघाली, त्यामुळे त्यांना गूळ बंद आणि घोडीला चालू. परवा डब्यापुढे पकडलं. मला बघून टाचा जुळवल्या, हात मांडीला चिकटवले आणि म्हणाले, "सावधान उभा हाय. आता तरी दे." दिला नाही. साठी उलटलेला माणूस दिवसभर फुगून बसला.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते. गोठ्याच्या दाराआड माझी शाळेतली छडी टांगलेली होती, आठवण म्हणून. मैना त्या दाराकडे तोंड करून कधी चारा खायची नाही. छडी काढली त्या दिवशी खाल्ला. मी बराच वेळ ती छडी हातात घेऊन उभी होते. कुठल्या कुठल्या पोरांचे तळहात आठवले. आता ती कारल्याच्या वेलाला लावलीये.

मैना काठीला अजून तशीच भिते. त्या दसऱ्यापासून तुम्ही काठी घेऊन चालता असं वहिनी म्हणाल्या. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तुमची,
सत्या


चौसाळा
१९ मे २०२५

ती. दादांस नमस्कार.

व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला असेलच. धर्मापुरीत पोचला नसेल असं एकही घर उरलेलं नाही. तेव्हा लोकांकडून तिखटमीठ लावून ऐकण्याआधी खरं काय झालं ते वाचा.

आमच्या शेजारच्या रामप्रसादच्या पोराचं, शिवशंकरचं, लग्न होतं. तिथी दाट, ठरवलेली घोडी ऐनवेळी आलीच नाही. रामप्रसाद सकाळी दारात. "बाई, तुमची मैना द्या की. परण्यापुरती. नवरदेव मारुतीला जाऊन येईल, लगेच आणून सोडतो."

मी म्हटलं, "डीजे न्हाई, फटाके न्हाई, अन तिच्या जवळपास काठी घेऊन कोणी यायचं न्हाई."

"हलगी तरी?"

"हलगी चालंल. वीस पावलं पुढं."

दादा, दीड वर्षात तिच्या पाठीवर कुणी बसलं नव्हतं, एक पोरगी सोडली तर. ती पोरगी कोण ते व्हिडिओत दिसतंय, त्यामुळे आता लपवण्यात अर्थ नाही. दोर धरून चाललीये ती तुमची सायली आहे. यूट्यूबवरची बाई म्हणजे तीच. परभणीला जनावरांची डॉक्टर व्हायला गेलेली तुमची पोरगी दर दुसऱ्या रविवारी तुम्हाला "प्रॅक्टिकल आहे" म्हणून सांगते आणि एसटी बदलत बदलत माझ्याकडे येते. तिला रागावू नका. मीच म्हटलं होतं, बापाला सांगू नको. रागवायचं तर माझ्यावर रागवा, नाहीतरी माझ्यावर चालूच आहे.

परण्या झकास झाला. मैना हलगीच्या तालावर मान डोलवत मारुतीला जाऊन आली. सायली मधूनमधून सावधान म्हणायची, गूळ द्यायची. नवरदेवालाच जास्त घाम फुटला होता.

चूक माझी झाली ती पुढं. तिला घरी नेऊन बांधायचं सोडून आम्ही मांडवाच्या कडेला सावलीत उभं केलं, म्हटलं पोरांना बघू दे. आणि एकतीस वर्षं शाळेत घालवलेल्या, शेकड्यानं लग्नं जेवलेल्या या शहाण्या बाईच्या एवढं लक्षात आलं नाही की मंगलाष्टकाच्या शेवटी काय म्हणतात.

गुरुजींनी लाउडस्पीकरवर सूर लावला. "शुभमंगल सावऽधान!"

मैना चारी पायांवर ताठ. कान पुढं. गुळाची वाट बघतेय. सायलीचे खिसे परण्यातच रिकामे झाले होते. दुसरं सावधान झालं, गूळ नाही. तिसऱ्याला तिनं पाय आपटला. मी पहिल्या रांगेत, मुठीत अक्षता, मान खाली. शब्द दिला होता गुरुजींनी, पण तिला काय कळणार? तिच्या लेखी आम्ही वचन मोडत होतो, तेही अख्ख्या गावासमोर. चौथं झालं. पाचव्याला तिनं सायलीच्या हातातला दोर हलकेच ओढून घेतला आणि खुर्च्यांच्या मधून सरळ माझ्याकडे आली.

गुरुजी थांबले. अंतरपाट धरलेले मामा अंतरपाटासकट मागं सरले, आणि नवरानवरीनं मुहूर्ताआधीच एकमेकांना बघून घेतलं. मैनेनं माझी मूठ नाकानं उघडली आणि सगळ्या अक्षता खाल्ल्या. मांडवात हशा असा पिकला की बॅंडवाले वाजवायचं म्हणून उठले. सरस्वतीबाई मोठ्यानं म्हणाल्या, "घोडीनं अक्षता खाल्ल्या, जोडा लई टिकंल!" त्यामुळे रामप्रसादची तक्रार राहिली नाही. आचाऱ्याकडून गुळाची ढेप मागवली आणि उरलेल्या तीन अष्टकांना तिन्ही वेळा मैनेला गूळ देत मी उभी राहिले. शेवटचं सावधान गुरुजी तिच्याकडे बघतच म्हणाले.

वरातीमागून घोडं ऐकलं होतं, मंगलाष्टकात घोडं पहिल्यांदा बघितलं, असं हे आठवडाभर सांगत फिरतायत.

हसून झालं असेल तर एक सांगते. दोनशे माणसं होती, दादा. पोरं पायात लुडबुडत होती. ती त्या गर्दीतून चालत आली आणि कुणाच्या पायावर तिचा पाय पडला नाही. हिला तुम्ही माणूसघाणी म्हणाला होतात.

तुमची,
सत्या


चौसाळा
६ जुलै २०२५

ती. दादांस,

काल बंकट मोटारीचं सामान न्यायला बीडला आला होता. वाट वाकडी करून इथं आला, चहा प्यायला आणि उठताना म्हणाला, "मालकानं इचारलंय, घोडीला सावधान शिकवलं, विश्राम कवा शिकवणार?"

मी म्हटलं, "अजून काय म्हणले?"

"अजून काय न्हाई. तो व्हिडिओ चारदा बघितला."

"हसले का?"

"हसले न्हाई. पण चारदा बघितला."

बंकट गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे बाहेरून विचारत होते, "कावून रडायलीस? कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, आलं.

पावणेदोन वर्षांनी तुमचं एक वाक्य आलं, आणि त्या वाक्यामुळे आता मला खोटं बोलवत नाही. पत्रामागून पत्रं लिहिली, गूळ झाला, लग्न झालं, पण जे सांगायचं ते दर वेळी गिळलं.

त्या दसऱ्याला तुम्ही सोनं लुटून परत आलात. दारात मैनेवर बसलेले. मी माहेरपणाला आलेली, ओवाळायला पुढं झाले. तुम्ही उंच, माझा हात पुरेना. ताटात कापूर जास्त झाला होता, भडकला होता. मी टाचा उंचावून ताट वर नेलं ते थेट तिच्या डोळ्यासमोरून नेलं. तिच्या पापणीचे केस जळल्याचा वास मला आला. ती उधळली ती माझ्या ताटामुळे, दादा.

दवाखान्यात तुम्ही मला विचारलंत, "सत्ये, अशी कावून उधळली ती?" आणि मी म्हणाले, "काय माहीत." तुमच्या मांडीत सळई, माझ्या समोर छबुवहिनी रडतायत, माझी जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही बंकटला बाजाराचं सांगितलंत, तेव्हा पण उचलली नाही. मी फक्त टेम्पो केला.

लोक म्हणतात सत्यशीला मॅडमला जनावरांचा किती लळा. लळा नंतर लागला. आधी नुसती लाज होती. नाव सत्यशीला, आणि दोन वर्षं एका मुक्या जनावरावर आळ घालून बसले.

आता तुम्ही ठरवा. भाऊबीजेला नाही आलात तर मी समजून घेईन. पण राग धरायचा तर माझ्यावर धरा, तिच्यावर नको.

सत्यशीला


धर्मापुरी
२४ ऑगस्ट २०२५

चि. सत्येस विजयसिंहाचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय न्हाई. परवा पोळा झाला. बैलं धुतली, रंगवली, पूजा झाली. बंकट म्हणला, मालक, पहिलं मैनेला बी धूत होतो आपण पोळ्याला. मी तिथनं उठलो. अन कागद घेऊन बसलो. दोन दिवसांपासून लिहायलोय.

तुझं ताट मला दिसलं व्हतं. मी वरच बसलो व्हतो, मला दिसणार न्हाई व्हय? कापूर भडकला, घोडी दोन पावलं मागं सरली. अन थांबली. नीट आइक, थांबली व्हती ती. तुला दिसलं नसंल, तू ताट सांभाळत व्हतीस.

मग मी चाबूक वढला. कावून? गाव बघायलंतं म्हणून. विजयसिंहाची घोडी बाईच्या ताटाला भ्याली, असं कोण म्हणू न्हाई म्हणून. एक न्हाई, तीन वढले. तिसऱ्याला ती मागल्या पायांवर उभी राहिली. ती तुज्या दिव्यानं न्हाई उधळली, माज्या चाबकानं उधळली.

दवाखान्यात तुला इचारलं ते तू काय बघितलंस ते बघायला. तू "काय माहीत" म्हणलीस, मला वाटलं बहिणीनं झाकलं. बरं वाटलं. अन बरं वाटलं म्हणून लई वंगाळ वाटलं. तुज्यावर राग कशाचा धरू? तुज्या घरी यायचं म्हंजे तिच्यासमोर यायचं. ते व्हत नव्हतं. त्यापरीस राग धरणं सोपं.

सायलीचं मला पहिल्यापासून ठाऊक हाय. प्रॅक्टिकलहून येते अन पिशवीला गुळाचे मुंगळे. मी काय आंधळा हाव?

ती पैज सोडून दे. घोडी हलली तरी तुज्याच दावणीला राहील. मी येतो म्हणत न्हाई, येत न्हाई बी म्हणत न्हाई. दाजीला गूळ देऊ नको.

विजयसिंह


चौसाळा
५ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,

पत्र मिळालं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही, बंकटसारखं मोजायला कुणी नव्हतं.

यंदा पावसानं उच्छाद मांडला, रानात चिखल आहे, पण अंगण कोरडं आहे. निरांजनाचा अभ्यास चालू आहे. आधी नुसतं ताट, मग वात नसलेलं निरांजन, मग पेटलेलं वीस पावलांवर, मग पंधरा. रोज एक पाऊल जवळ. काल हाताच्या अंतरावर आलं. तिनं ज्योतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, गूळ कुठंय म्हणून. कापूर मी घरात आणायचाच बंद केलाय.

तेव्हा दिव्याचं जमलं. घोडं पेंड खातंय ते काठीशी. काठी घेतलेल्या माणसाजवळ ती येत नाही, आणि काठीशिवाय तुम्हाला चालता येत नाही. यावर उपाय सायलीलाही सांगता आला नाही. म्हणाली, "आत्या, ते पप्पांवर सोड."

सोडलं.

सत्या


चौसाळा
२७ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,

तुमची काठी इथं राहिलीये. ती पाठवायची कशी हे विचारायला पत्र लिहायला घेतलं. कुरिअरवाला म्हणतो एवढं लांब पार्सल बसत नाही.

पण मी ज्या गोष्टी तुमच्या तोंडावर बोलू शकले नाही त्या आधी लिहिते.

भाऊबीजेला तुम्ही जीपमधून उतरलात, फाटकात काठी टेकली, आणि मैना सरळ भिंतीला. अंगाला चुना. तुम्ही मला विचारलंत, "अशी कवापासून चिकटली नव्हती?" मी खरं सांगितलं, सहा महिने झाले. वाटलं आता तुम्ही मागं फिरणार. मी तिथंच थांबले. वाट बघायला मला आता येतं.

तुम्ही काठी फाटकाला टेकवून ठेवलीत आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात. फाटकापासून लिंबापर्यंत बावीस पावलं आहेत. लहानपणी मी तुमचं बोट धरून शाळेत जायचे, तेवढंच अंतर वाटलं. तुमचं वजन चांगलं आहे, वहिनींना सांगा. खांदा अजून दुखतोय आणि मी त्याला काही लावत नाही.

मग तुम्ही स्टुलावर बसलात, उघड्या तळहातावर गूळ. मी शिकवायला तोंड उघडलं तर म्हणालात, "गप बस, मास्तरीणबाई. मला ठाऊक हाय." आणि खरंच ठाऊक होतं. हाक मारली नाहीत, चुचकारलं नाहीत. सव्वाअकरापासून दीडपर्यंत बसलात. बंकटचं जेवण झालं, ह्यांची झोप झाली, सायली स्वयंपाकघराच्या खिडकीतून हलली नाही. तुमच्या हातावर मुंग्या चढल्या तरी तुम्ही हात मिटला नाही.

मधे तुम्ही हळूच काहीतरी बोललात. मला वाटलं मला, म्हणून मी "काय?" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तुला न्हाई."

काय म्हणालात ते मी विचारणार नाही. पण त्यानंतर तिनं भिंत सोडली. अर्ध्यावर आली, थांबली. परत गेली. पुन्हा आली आणि मुंग्यांसकट गूळ खाल्ला. तुम्ही आधी शब्द म्हणायचा विसरलात, आणि ती खाऊन झाल्यावर तुमच्याकडे बघत राहिली. तेव्हा घोगऱ्या आवाजात म्हणालात, "सावधान." शब्द गेला की गूळ द्यावा लागतो, आणि हात रिकामा! एवढा मोठा विजयसिंह, ओरडला, "बंकट, गूळ आण बे, लवकर!" मी हसले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते तुम्ही बघितलंत. मी पण तुमचे बघितले.

मग पाट मांडला. निरांजन लावलं. मैना तुमच्या डाव्या हाताला. मी ताट तिच्या डोळ्यासमोरून, मुद्दाम तसंच, सावकाश नेलं आणि तुम्हाला ओवाळलं. मैना हलली नाही. हललात तुम्ही. खांदे असे हलत होते की कुंकू कपाळाऐवजी भुवईला लागलं.

आणि एक गोष्ट, जी तुमची पाठ होती म्हणून तुम्हाला दिसली नाही. ओवाळणं झाल्यावर तुम्ही तिथंच बसून होता. ती सरकून तुमच्यामागं उभी राहिली होती. तिनं मान खाली सोडली आणि मागचा एक पाय सैल केला, खुराचं टोक जमिनीला टेकवून. सायलीनं माझा हात दाबला. म्हणाली, घोडा धास्तीत असला तर चारी पायांवर उभा राहतो, पळायला बरं म्हणून. पाय असा सैल सोडतो तो फक्त निश्चिंत असला तर. तुम्ही बंकटकडून विचारलं होतंत ना, विश्राम कवा शिकवणार? तो मी शिकवला नाही, दादा. तो शिकवता येत नाही. तो तिचा तिनं दिला.

चार वाजता माझ्या खांद्यावर हात ठेवून जीपपर्यंत गेलात, आणि काठी फाटकालाच राहिली.

दोन दिवस तिथंच होती. मैना लांबून बघायची. परवा सायलीनं फोनवर सांगितलं तसं मी काठी अंगणात आडवी ठेवली. मैनेनं दहा पावलांवरून तिच्याकडे बघितलं की सावधान, गूळ. काल पाच पावलांवरून. आज सकाळी ती जवळ आली, मान लांब केली आणि काठीच्या मुठीला नाक लावलं. मुठीला तुमच्या हाताचा वास असणार. मी शब्द म्हणायचा विसरले, तशीच उभी राहिले. मग तिनंच मला आठवण करून दिली, पाय आपटून.

तेव्हा काठी पाठवत नाही. तिचा अभ्यास चालू आहे. तुम्हाला हवी असेल तर न्यायला या, आणि येताना काठीशिवायच यावं लागेल. खांदा फाटकात उभा असेल.

तुमची,
सत्या